बाकड्याचं मागणं

रविवार, दिवेलागण

किळस आली आज. आपल्या भागाचं मिळून एक स्वप्न ठरवायचं म्हणून सोसायटीत सभा झाली. प्रत्येकाला एकेक रंगीत चिठ्ठी. मला फक्त बाकडं मागायचं होतं, दुसऱ्या मजल्यावर, जिन्याच्या वळणाला. लिफ्ट नाही. मध्ये टेकायला मिळालं तर ही चौथा मजला चढेल. गणपतीपासून खाली उतरलेली नाही.

शेजारचा सावंत हसला. "काय काका, स्वप्नात बाकडं? मोठं मागा ना!"

आणि मी? त्याच्याच चिठ्ठीवरचं बघून उतरवलं, 'जॉगिंग ट्रॅक'. टाळ्या पडल्या. थू माझ्यावर. साधं बाकडं मागवेना?

घरी हिने विचारलं, "बाकड्याचं सांगितलंत ना?"

"सांगितलं."

हिने स्वतःच्या धूळ बसलेल्या चपला पुसायला घेतल्या.