एका आजाराला एकदाच

संदर्भ : (१) आपल्या तळघरातले पाणी. (२) आरशापुढचा कंगवा, ज्याला आता काम नाही. (३) आंब्याची डाळ. (४) आपले नकाराचे पत्र.

प्रति,
मा. मानद सचिव,
दक्षिणी कुटुंब आरोग्य निधी,
खासगी बाजार, लष्कर, ग्वाल्हेर.

विषय : सौ. सीमंतिनी काटकर यांच्या बदललेल्या औषधास मदत नाकारल्याबाबत.

महोदय,

१. अर्जदार शिंदे की छावनी येथे राहतो. त्याची पत्नी सीमंतिनी हिच्या कर्करोगावरील पहिल्या औषधास आपण मदत दिलीत. गाठ आटली. अध्यक्षांनी त्याबद्दल स्वतःला सत्काराचा नारळ देववून घेतला. आता गाठ पुन्हा वाढते आहे, त्याच औषधाला न जुमानता. कंपू भागातल्या इस्पितळाच्या डॉक्टरांनी दुसरे औषध लिहून दिले. आपण ‘एका आजाराला एकदाच मदत’ हा नियम दाखवलात आणि वर सल्ला दिलात, “अहो काटकर, पहिल्यानं गुण आला होता ना? मग वही औषध चालू ठेवा. डॉक्टर लोक फालतूमध्ये बदलत बसतात.”

२. हे बोलताना आपल्या पायाखाली पंप चालू होता. तळघरात पाणी शिरते म्हणून आपण एक बसवलात. पाणी वाढले तसे आणखी दोन. रोगाच्या पेशीने हेच केले आहे. तिच्या भिंतीत प्रथिनांचे पंप असतात; औषधाचे विष आत आले की ते बाहेर फेकतात. ज्या पेशींत पंप कमी होते त्या मेल्या. ज्यांत जास्त, त्या उरल्या आणि त्यांचीच वीण वाढली. आता जुने औषध दिले तर पेशीला काही होत नाही. केस आणि भूक मात्र सीमंतिनीची जाते. नवे औषध या पंपांच्या तावडीत सापडत नाही, असे डॉक्टर म्हणतात.

३. थोडक्यात, पेशी बदलली. आपल्या समितीत दरबारी मानाच्या क्रमाने खुर्च्या मांडतात, त्यांत डॉक्टरला एकही नाही. अशा समितीकडून पेशीइतक्या अकलेची अपेक्षा अर्जदाराने केली, ही त्याची चूक.

४. तरी गुरुवारी औषध चढवण्यापूर्वी मंजुरी द्यावी. जमत नसल्यास ‘आजार तोच आहे’ असा ठराव करावा. अर्जदार तो गाठीला वाचून दाखवील. तिने नियमाचा मान राखलाच, तर पुढचा नारळ त्याच्याकडून.

आपला
(नम्र हा शब्द या खेपेस नाही),
राघव सूर्याजी काटकर
दि. १२ ऑगस्ट

सोबत : डॉक्टरांची चिठ्ठी. आपले पत्र, परत.

गाठ हाताला लागण्याआधीच्या चैत्रात, आपल्याकडच्या हळदीकुंकवाची आंब्याची डाळ सीमंतिनीने केली होती. बाहेर बसलेल्या पुरुषांपर्यंत ती आली, तेव्हा आपण दुसऱ्यांदा मागून घेतलीत.