आईच्या खोलीतला निर्दोष गॅस

३ एप्रिल, गुरुवार

खटला उभा राहिला आहे. वादी — खालच्या मजल्यावरच्या धनलक्ष्मी अक्का. प्रतिवादी — मी. आरोप — आमच्या एसीचं पाणी त्यांच्या वाळत घातलेल्या सांडग्यांवर ठिबकतं. पुरावा म्हणून अक्कांनी एक मऊ पडलेला सांडगा बशीत घालून वर आणला! "स्वल्प बघा, सर." बघितला. सांडगा निरपराध आहे. बंगळूरला जयनगरात वरच्या मजल्यावर राहण्याचं हे प्रायश्चित्त.

बरं, एवढं पाणी गाळून एसी गार तरी करतो का? नाव नको. मेव्हण्याकडे नवा आला, म्हणून त्याने उदार मनाने हा जुना आम्हाला दिला. आईच्या खोलीत लावलाय. गेल्या आठवड्यात उकाड्याने तिला घेरी आली. डॉक्टर म्हणाले, "खोली गार ठेवा." सांगायला काय जातं!

५ एप्रिल, शनिवार

यशश्री होसकोट्याहून आली. लेक फ्रीजच्या कारखान्यात आहे, सुट्टीला घरी येते. त्यात मेव्हणा दयानंद जेवायला. बायको, शलाका, पुण्याला बहिणीकडे, म्हणजे भावाला आवरणारं कोणी नाही.

मी एवढंच म्हणालो — बेळगावच्या साप्ताहिकाला या वेळचं बंगळूरचं पत्र ओझोनवर पाठवतो. झालं!

"दाजी, ते भोक परदेशी कंपन्यांनी पाडलं. आपला स्वस्त गॅस बंद, त्यांचा महाग सुरू!"

"मामा, भोक हळूहळू भरतंय. लोकांनी जुने गॅस सोडले म्हणून."

"तू मोजायला गेली होतीस?"

"तुम्ही पाडताना बघितलंत?"

लेकीने मग समजावलं. आपल्या एसीतला बावीस नंबरचा गॅस ओझोन खातो. त्यानंतर आले ते ओझोनला हात लावत नाहीत, पण हवा तापवतात. आणि जे दोन्हींतलं काही करत नाहीत, ते पेट घेतात. म्हणजे तीन स्थळं आली आणि तिन्हींत खोट.

आई म्हणाली, "भात गार होतोय की रे. तेवढा तरी एसीशिवाय होतोय."

७ एप्रिल, सोमवार

मेकॅनिक शिवकुमार आला. उरलासुरला गॅस त्याने माझ्या डोळ्यांदेखत फुस्सकन खिडकीबाहेर सोडला. सगळे असंच करतात म्हणे! "आता बावीस नंबरच भरू सर. जुना पेशंट, जुनं औषध." मग मात्र मी सुटलो. आकाश, ओझोन, पुढच्या पिढ्या — कीर्तनकाराने हेवा करावा असं प्रवचन दिलं. म्हटलं, ओझोनला संपूर्ण निर्दोष असाच गॅस हवा, दुसरा नको.

त्याने डोकं खाजवलं. "निर्दोष? इदे सर, आहे की!" खाली जाऊन छोटा सिलिंडर घेऊन आला. मी लेखाचा मथळा सुचतोय का ते बघत होतो. सिलिंडर कसला, ते विचारलं नाही.

खोली गार झाली! आई खूश.

८ एप्रिल, मंगळवार

लेखाचं पहिलं वाक्य फर्मास जमलं. दुसरं येत नाही.

९ एप्रिल, बुधवार

आईचं नवीन. "सूर्या, माझ्या खोलीत सिलिंडरचा वास येतोय बघ." गेलो. चारी कोपऱ्यांत दीर्घ श्वास घेतले, प्राणायाम झाला. काही नाही. "आई, तुझा धूप तो." "धूप संपून आठवडा झाला." मग मी न्यायशास्त्र काढलं — घ्राणज प्रत्यक्ष, म्हणजे नाकाची साक्ष, हे थोर प्रमाण आहे, आणि माझं प्रत्यक्ष सांगतंय की वास नाही. ती म्हणाली, "बरं बाबा."

या वयात भास होतात. मान्य. पण लेख लिहिताना तीनदा उठवायचं?

१२ एप्रिल, शनिवार

आजचं लिहायला नको वाटतंय. लिहितोच.

यशश्री दारात चप्पल काढता काढता थांबली. "बाबा! कुठलंही बटण दाबू नका." जिन्यातला मेन स्विच बंद केला, खिडक्या उघडल्या, आजीला हाताला धरून बाहेर बसवलं. खोलीत हवा खेळल्यावर एसीच्या नळीच्या सांध्याला साबणाचा फेस लावला. फेसाला बुडबुडे आले.

"त्याने चक्क चुलीचा गॅस भरलाय. या जुन्या एसीत! हा जड असतो, खाली उतरतो. आणि खाली आजीचे देव — समई!"

मी जिन्यातच बसलो. सकाळ-संध्याकाळ समई. आईने आयुष्यात कधी चुकवलेली नाही.

आई शांत. "कुठं लावली समई? बुधवारपासून देव तसेच आहेत. वास येत असताना काडी ओढायला मी काय खुळी?"

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं की. तू म्हणालास, धूप."

१३ एप्रिल, रविवार

शिवकुमार फोनवर — "सर, तुम्हीच बोलला, ओझोनला झीरो पाहिजे. झीरोच आहे!" दयानंद — "दाजी, माझा बावीस नंबर निदान पेटत तरी नव्हता!" दोघांचंही खरं, म्हणून जास्त संताप. संपादकांचा निरोप — लेख कुठे? कोरी जागा छापा म्हणावं. त्या मजकुराने कोणाचं नुकसान होणार नाही.

शिवकुमारने येऊन गॅस काढून नेला. मान खाली नव्हती त्याची, माझी होती. नवा एसी येईपर्यंत आई हॉलमध्ये, पंख्याखाली. देवही तिथेच. समई लागली.

निघताना यशश्री म्हणाली, "बाबा, अख्खं घर भरलं होतं वासाने. तुम्हाला खरंच आला नाही?"

म्हटलं, "सर्दी झालीय गं."

१५ एप्रिल, मंगळवार

सर्दी नाही. आज आई आंघोळीला गेल्यावर हिंगाची डबी नाकाशी धरली. मग कापूर. मग कॉफीची पूड. काहीच नाही.

माझ्या वडिलांचं, अप्पांचं, आधी हेच गेलं होतं — नाक. कंपवाताने हात थरथरू लागले ते नंतर. मला भीती वाटते आहे.