चौथ्या कडव्याशी अडलेलं घड्याळ

मेहरूण, जळगाव
गुरुवार, सकाळचे नऊ वाजून सात मिनिटे (माझ्या घड्याळात)

प्रिय बन्सीलाल यास सुपडूचा साष्टांग नमस्कार (गुडघ्यांमुळे प्रत्यक्षात फक्त मान लववली आहे, तेवढी गोड मानून घे).

आगपेटीत कोंडलेला नाकतोडा कानाशी धरला की कसा आवाज येतो, आठवतं? पारोळ्याच्या शाळेत, कविता म्हणून संपली की रुपचंद गुरुजी वर्गाला हाताने गप्प करायचे आणि मनगटावरून काढून टेबलावर ठेवलेलं त्यांचं जपानी घड्याळ नेमका तसा आवाज करायचं. चाळीस पोरं श्वास धरून ऐकायची. कौलावर कावळा बसला तरी आपल्याला राग यायचा. गेले दोन महिने तो आवाज मला रोज ऐकू येतो आहे. (कान तपासून झाले. डॉक्टर म्हणाले, कानात काही नाही. मनगटावर आहे, हे त्यांना सांगायचं राहिलं.)

तर आधी खुशाली. तुझी कंबर कशी आहे? यशोदावहिनींचा दमा? धुळ्यात, तुमच्या देवपूरला, पाणी आता दिवसाआड तरी येतं का? आमच्याकडे हितेंद्र आणि सूनबाई कामिनी मजेत आहेत, म्हणजे माझ्यावर हसण्यात त्यांचा वेळ चांगला जातो. तुझ्या पंच्याहत्तरीचं निमंत्रण मिळालं. पत्रिकेतला तुझा फोटो फार जुना आहे, पण ते असो. येणं मात्र जमेल असं वाटत नाही. डॉक्टरांनी लांबचा प्रवास नको म्हटलं आहे. (धुळे लांब नाही, हे मलाही कळतं. डॉक्टर बाहेरगावचे आहेत.)

आता मूळ विषय. बन्सी, मी घड्याळ घेतलं. फुले मार्केटमागच्या गल्लीत पुखराजशेठ म्हणून एक घड्याळजी बसतात, डोळ्याला भिंग लावून जन्म काढलेला माणूस. मी त्यांच्याकडे भिंतीच्या घड्याळाचा सेल घ्यायला गेलो होतो. काचेखाली नजर गेली आणि तिथेच खिळली. पांढरी साधी तबकडी, कडेला बारीक सोनेरी काड्या, तारीख नाही, वार नाही, अंधारात चमकणं नाही, आणि सहाच्या खाली मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात जपान. हुबेहूब गुरुजींच्या घड्याळासारखं. पुखराजशेठनी चावी देऊन माझ्या कानाशी धरलं. नाकतोडा! किंमत विचारू नकोस. मी सेल न घेताच घरी आलो, त्यामुळे भिंतीवर तेव्हापासून पावणेचारच वाजलेले आहेत.

कामिनीने सरळ विचारलं, मोबाइलमध्ये वेळ दिसते, मग हे कशाला? प्रश्न रास्त आहे आणि मी त्यावर दोन महिने विचार करतो आहे. मोबाइल वेळ सांगतो, पण ती कुठून तरी आलेली असते. हे घड्याळ आपली वेळ स्वतः बनवतं, आणि तीही मी सकाळी दिलेल्या चावीतून. एक दिवस विसरलो तर ते रात्री माझी वाट बघून थांबतं. या वयात आपल्यावाचून अडणारं घरात दुसरं काय उरलं आहे, सांग बरं? शिवाय ते दिवसाला दीड मिनिट मागे पडतं. मीही पडतो. आमचं जमतं. पुन्हा ते इतकं पातळ की सदऱ्याच्या बाहीखाली अलगद सरकून जातं. कोणी तरी अत्यंत हुशार जपानी माणूस जळगावच्या नव्हे, जपानच्या कुठल्याशा गल्लीत भिंग लावून बसला आणि त्याने ठरवलं की हे घड्याळ दिसू नये, नुसतं असावं. त्या माणसाला कविता येत असणार, याबद्दल माझी खात्री आहे.

(बाहीखाली जाण्याची अडचण अशी की कोणाला दिसत नाही. मग मी बाही दुमडून बसू लागलो, ऐन थंडीत. कोणी वेळ विचारावी म्हणून आधी मीच त्यांना विचारू लागलो. सगळे मोबाइल काढून सांगतात आणि उलट विचारत नाहीत. लोकांचं कुतूहल मेलं आहे.)

अखेर पिंपळनेरला माझ्या साडूच्या नातीच्या, हेमांगीच्या लग्नात संधी आली. मुहूर्त अकरा सत्तेचाळीसचा. मांडवात प्रत्येकाचा मोबाइल फोटो काढण्यात गुंतलेला, आणि हातात घड्याळ असलेला मी एकटा. साडूंनी मला मानाने भटजींच्या शेजारी उभं केलं आणि म्हणाले, नाना, सत्तेचाळीस झाले की हात वर करा. चव्वेचाळीसपर्यंत मी डोळ्यात तेल घालून बघितलं. पुढे मांडवात एकदम शांतता झाली, जशी शाळेत व्हायची तशी, आणि मला राहवलं नाही. मी मनगट कानाशी नेलं. बन्सी, घड्याळ कानाशी असताना डोळ्याला दिसत नाही, ही साधी गोष्ट मला पंच्याहत्तराव्या वर्षी पिंपळनेरला कळली. मी डोळे मिटून पारोळ्याच्या बाकावर बसलो होतो, तू शेजारी होतास, खिडकीतून बोरी नदी दिसत होती. कोणी तरी माझा हात धरून वर केला तेव्हा अकरा एकावन्न झाले होते. भटजी समंजस निघाले. म्हणाले, पहिला मुहूर्त धाकटा होता, हाच थोरला. जोडपं सुखात आहे. साडू मात्र अजून माझा फोन घेत नाहीत.

त्याहून मोठा घोळ गेल्या सोमवारी झाला. मी चावी कशी देतो ते तुला सांगतो, तू हसणार नाहीस. गुरुजींनी स्वतः रचलेली ती पिंपळाची कविता, ‘बोरीकाठी पिंपळावरी पानोपानी वारा’, तिची सहा कडवी, कडव्याला चार ओळी. एका ओळीला चावीचा एक वेढा. मला चौथं कडवं येत नाही (तुला माहीतच आहे), म्हणून तिसऱ्यावरून पाचव्यावर उडी. वीस वेढे, घड्याळ खूश. सोमवारी वाटलं, नेहमी उडी का मारायची? आज चौथं आठवायचंच. पण आपण कविता घोकून शिकलो, ती मधूनच धरता येत नाही. अडलं की पहिल्यापासून. म्हटलं. तिसऱ्याच्या शेवटी अडलो. पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा अडलो. कामिनी फोनवर हितेंद्रला सांगत होती की बाबा घड्याळावर मंत्र टाकताहेत. चावी जड लागत होती, मला वाटलं कविता जड जाते आहे. चौथ्या फेरीत आतून ‘टक्’ झालं आणि नाकतोडा मेला.

पुखराजशेठनी मागचं झाकण उघडलं. आतली कमान, म्हणजे चावीने पीळ बसतो ती स्प्रिंग, तुटली होती. ते शांतपणे म्हणाले, “नाना, चावी अडली की थांबायचं असतं. तुम्ही अडलेल्या चावीला कविता ऐकवली.” मग झाकणाच्या आतल्या बाजूकडे बघत राहिले, आपला खण उपसला, आणि ‘धुळेवाली बाई’ असं काहीसं पुटपुटत चिठ्ठ्या चाळू लागले. (या वयात माणसाला धुळ्याची कोणती बाई आठवते, हे मी सभ्यपणे विचारलं नाही.) झाकण मीही पाहिलं. त्याबद्दल पुढे कधीतरी. नवी कमान बसली, काल संध्याकाळी घड्याळ घरी आलं.

वहिनींना नमस्कार. कंबरेला शेक घे. तुझा,
सुपडू

ता. क. – पुढे कधीतरी कशाला, आताच लिहितो. झाकणाच्या आत खिळ्याने कोरलेलं आहे: रु. गु. ते रुपचंद गुरुजींचं घड्याळ आहे, बन्सी. तुझं. निवृत्तीच्या दिवशी गुरुजींनी ते टेबलावर ठेवलं होतं आणि सांगितलं होतं की सेकंदकाट्याच्या दोन फेऱ्यांत जो सहाही कडवी म्हणेल त्याला ते मिळेल. आधी मी उठलो. चौथ्याशी अडलो, पहिल्यापासून म्हटलं, परत अडलो, काटा फिरून गेला. तू समोर ओठ घट्ट मिटून बसला होतास, कारण कोणी सांगायचं नाही असा गुरुजींचा हुकूम होता. मग तू उठलास आणि एका दमात म्हणून घड्याळ घेऊन गेलास. मी भेटलो की विचारायचो आणि तू म्हणायचास, कपाटात आहे. ते जळगावच्या काचेखाली कसं आलं? विकलंस का? अडचण होती तर मला का नाही बोललास? डॉक्टर वगैरे खोटं आहे. तुझ्याकडे ते घालून येता येत नाही आणि न घालता यायची इच्छा नाही, एवढंच. आता खरी विनंती: कारण सांगू नकोस, फक्त कार्डावर एक शब्द लिही, ‘ठेव’. म्हणजे मला झोप येईल.

ता. क. २ – पाकीट चिकटवणार तोच यशोदावहिनी आल्या. एकट्या, सकाळच्या एसटीने. चप्पल काढायच्या आधी म्हणाल्या, “नाना, घडी कोठे शे? बठ्ठं सांगस, पहिले पानी द्या.” पाणी पिऊन त्यांनी सगळं सांगितलं: तू काही विकलेलं नाहीस. वीस वर्षं बंद पडलेलं घड्याळ तुझ्या पंच्याहत्तरीला चालू करून द्यावं म्हणून त्यांनी तुला नकळत पुखराजशेठकडे दुरुस्तीला टाकलं. चिठ्ठी गळून पडली आणि शेठनी ते विक्रीच्या काचेत मांडलं. भिंगातून त्यांना स्क्रू दिसतात, खाली पडलेली स्वतःच्या अक्षरातली चिठ्ठी दिसत नाही. झाकण पाहिल्यावर त्यांना चूक कळली आणि त्यांनीच वहिनींना पत्ता दिला: मेहरूणचे नाना, जे घड्याळाला कविता म्हणून दाखवतात. बन्सी, मी तुझ्यावर संशय घेतला. कान पकडतो. वहिनी म्हणतात पत्र फाड. फाडत नाही. घड्याळाखाली घडी करून ठेवतो, दोन्ही तुला समारंभाच्या दिवशी मिळतील. घड्याळ काढून द्यायची वेळ आली तेव्हा मी हात पाठीमागे लपवला होता, हे वहिनी तुला सांगतीलच, म्हणून आधी मीच सांगतो.

ता. क. ३ – वहिनी आत कामिनीबरोबर चहा घेताहेत. तुझ्याकडे बंद घड्याळ जाऊ नये म्हणून शेवटची चावी देत होतो. बेताने, ओळी मोठ्याने म्हणत. तिसरं कडवं संपलं आणि नेहमीच्या जागी अडलो. ते लिहायला पेन उचललं, आणि ओट्यावर काठी वाजली. (वहिनी आतून कुजबुजताहेत की ह्यांना तर मी बहिणीकडे जाते म्हणून सांगितलं होतं.) दाराची कडी काढायच्या आधी बाहेरून धापा टाकत कोणी तरी म्हणतं आहे:

उशिरा येत्या पाखरासही फांदी राखुन आहे