शिट्टी उशिरा वाजली

चिखली, भाद्रपद शु. ८, शके १८५३

तीर्थस्वरूप रामरावदादांस, धाकट्या इंद्रभानचा साष्टांग नमस्कार. आपल्या गावी, बीबीला, पाऊस बरा झाल्याचं कळलं. वहिनींनी पाठवलेलं तूप पोचलं. इकडे सर्व क्षेम आहे असं लिहायची रीत आहे. या खेपेला ती मोडतो.

शाळेसाठी माझ्याकडे ठेवलेला तुमचा कडूबा मल्लखांबावरून पडला, असं मागच्या पत्रात कळवलं होतं. तो पडला नाही.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, इथल्या वरच्या आणि खालच्या वस्तीची पोरं नाल्यावर एकमेकांना ढेकळं मारतात. दरसाल दोन-चार डोकी फुटतात. हेडमास्तरांनी मला कवायतीला नेमलं ते याचसाठी. पोरांची रग मैदानावर जिरवा, म्हणाले. मी वर्षभर जिरवली. काठीची कवायत, आकड्यावर वार, शिट्टी झाली की जागच्या जागी थांबायचं. इन्स्पेक्टरसाहेबांनी पाठ थोपटली. शाळेतल्या मारामाऱ्या बंद झाल्या, असा शेरा लिहिला. मी तो गावभर मिरवला.

करीला मी नाल्यावर गेलो, शिट्टी गळ्यात घालून. वरच्या वस्तीची पोरं शाळेच्या काठ्या घेऊन रांगेत आली. खालची पळाली. त्यांच्यातला आपला कडूबा ठेचकाळून पडला. मग आकडे सुरू झाले. एक, दोन. एक, दोन.

दादा, शिट्टी मी तोंडात धरली होती. पण रांग इतकी सरळ होती की मी बघतच राहिलो. तिसऱ्या पोराची काठी जरा तिरपी येत होती, त्याला ओरडून सांगावंसं वाटलं. घरच्या लेकरावर पडणाऱ्या काठीत मी चूक शोधत होतो. थू माझ्या जिण्यावर.

वाजवली तेव्हा सगळ्या काठ्या एकदम थांबल्या. म्होरक्याची मानगूट धरली, तर तो शांतपणे म्हणाला, "मास्तर, शिट्टी झाल्यावर थांबलो ना आमी." त्याला काय मारणार?

कडूबाचा डावा डोळा गेला. बुलढाण्याच्या डॉक्टरांनीही मान हलवली. तो तक्रार करत नाही. काल पट्टी बदलताना एवढंच विचारलं, "काका, मी तुमाले दिसलो नाही काय?"

"नाही दिसलास," मी म्हणालो.

तुम्ही या. तुमच्यासमोर त्याला खरं सांगतो. मग त्याला घेऊन जा, आणि माझं काय करायचं ते करा.

खाली 'आपला आज्ञाधारक' लिहवत नाही. आज्ञा पाळणारी पोरं पाहून आलो आहे.

इंद्रभान