‘धोंडुबाई माडगे प्रायव्हेट लिमिटेड’ हे नाव नोंदीतून न काढणेबाबत

॥ राम कृष्ण हरि ॥

प्रति,
मा. कंपनी निबंधक साहेब,
कंपनी निबंधक यांचे कार्यालय

अर्जदार : अर्जुना बिरदेव सरगर, संचालक,
रा. सरगरवस्ती, आटपाडी, जि. सांगली

विषय : कंपनी बंद समजून तिचे नाव नोंदीतून कमी न करणेबाबत.
संदर्भ : आपल्या कार्यालयाची टपालाने आलेली नोटीस.

महोदय,

वरील विषयास अनुसरून अर्जदार सविनय कळवितो की, सदर कंपनीने दोन वर्षांत काही व्यवसाय केल्याचे दिसत नाही, तरी तिचे नाव का काढू नये, असा खुलासा आपण मागितला आहे. नोटीस कायद्याला धरून आहे, त्याबद्दल अर्जदाराची तक्रार नाही. खुलासा मात्र जरा लांबेल. अर्जदार कीर्तनात बसणारा माणूस आहे, आणि कीर्तनात कारण सांगायचे तर मुळापासून सांगतात.

कंपनी निघाली ती अर्जदाराची कन्या मंगल हिच्यामुळे. ती रहिमतपूरला दिली आहे. आईने बांधून दिलेले हुलग्याचे, म्हणजे कुळथाचे, पीठ ती शेजारणींना वाटायची, आणि त्याची गरम पेज, म्हणजेच माडगे, एकदा प्यालेली शेजारीण दुसऱ्या दिवशी वाटी घेऊन दारात यायची. जावई ऋषिराज म्हणाले, पुड्या करून दुकानांत ठेवू, पण दुकानदार कंपनी विचारतो, आणि कंपनीला नाव लागते. त्यांनी ‘माणदेश ग्लोबल फूड्स’ असे सुचवले. अर्जदाराला ते पटले नाही. आमच्याकडे स्टँडवरून बाजाराकडे चालत निघाले की वाटेत दोन ‘इंटरनॅशनल’ लागतात आणि एक ‘वर्ल्ड’. त्यातल्या वर्ल्डला शटर एकच आहे आणि तेही अर्धेच उघडते. अर्जदार हसण्यासाठी हे लिहीत नाही. कंपनीला नाव ठेवणारा आपली हौस तिच्या अंगावर घालतो, लहान पोराला थोरल्या भावाचा सदरा घालतात तसा. पोर वाढेल या आशेवर.

अर्जदाराला देवाचे नाव हवे होते. परंतु सिद्धनाथ घेतलेला, बिरोबा घेतलेला, विठ्ठल तर कधीचाच लागलेला. सांगलीच्या हिशेबनीस साहेबांनी संगणकात एकेक देव घालून पाहिला आणि एकही मोकळा मिळाला नाही. तेव्हा ते म्हणाले, घरातले एखादे नाव सांगा. मंगल लगेच बोलली, आईचेच घाला. ते नाव मात्र पहिल्या फटक्यात मोकळे निघाले. संबंध देशात कोणी ते मागितले नव्हते.

अर्जात नावाचा अर्थ लिहावा लागतो. हिशेबनीस साहेबांनी विचारले, काय लिहू? अर्जदाराची पत्नी बाकाच्या टोकाला पदर सावरून बसली होती. ती म्हणाली, “दगूड. दगूड लिवा. माज्या आदी तीन पोरं गेली, मग आयनं माजं नाव दगूड ठिवलं. दगडाला कोन उचलून न्हेतंय?” साहेबांचे बोट जागच्या जागी थांबले. मग त्यांनी ‘कौटुंबिक नाव’ असे लिहिले. बाहेर आल्यावर ती मंगलला म्हणत होती की असल्या नावाचे पीठ कोण घेणार, लोक दात पडतील म्हणून भितील. पण चालताना ती पुढे होती, आणि एरवी ती कधी पुढे चालत नसे.

आमच्या लोकांत देवाला मुलाचा मोह होऊ नये म्हणून टाकाऊ नाव ठेवतात, हे आपणांस ठाऊक असेल. माणसे भीतीने लहान नाव ठेवतात आणि कंपन्या हौसेने मोठे, एवढाच फरक अर्जदाराला दिसतो. दोन्ही नावांच्या पाठीमागे उभा असतो तो त्या लेकराला जगवू पाहणारा माणूस.

आता जे सांगायचे ते सांगायला अर्जदारास जड जाते. आमच्यात नवरा बायकोला नावाने हाक मारत नाही. आधी नुसते ‘आगं’, मग पोर झाली की ‘मंगलची आई’. लग्नात पंगतीला नाव घ्यायची वेळ आली तेव्हा अर्जदाराने लाजेने मान खाली घातली आणि घास तसाच तिच्या तोंडात घातला. बायका हसल्या, वेळ निभावली. त्यानंतर ते नाव अर्जदाराच्या तोंडून पहिल्यांदा निघाले ते हिशेबनीस साहेबांपुढे, कंपनीचे नाव मोठ्याने वाचून दाखवा असे ते म्हणाले तेव्हा. अर्जदाराने वाचले. ती बाकावरून खाली फरशीकडे बघत होती, आणि तिचे कान लाल झाले होते. पुढे रोज दुकानदारांचे फोन यायचे आणि अर्जदार ऐटीत म्हणायचा, ‘हां, धोंडुबाई माडगेतून बोलतोय.’ ती चुलीपुढे हुलगे भाजत असायची. ऐकून न ऐकल्यासारखे करायची, पण कलथा तेवढ्यापुरता थांबायचा. संसारात जे जमले नाही ते धंद्याच्या आडून जमले, असे म्हणायला हरकत नाही.

ती गेली. हुलगे भाजायचा हात तिचा होता, म्हणून पीठही गेले. मग एकेक कार्यालय झाले. रेशनकार्डावरून नाव कमी करा, मतदार यादीतून कमी करा, गॅसच्या पुस्तकातून, बँकेतून, सातबाऱ्यावरून. प्रत्येक ठिकाणी अर्जदाराने स्वतः अर्ज दिला, स्वतः सही केली. सगळीकडे माणसे सज्जन होती. काम झाले की ‘झालं बघा आबा’ असे म्हणायची. साहेब, आता ते नाव फक्त आपल्याकडे उरले आहे. गावात तिला नावाने ओळखणारी पिढी जवळजवळ सरली. सुना-लेकी ‘मंगलची आई’ म्हणतात, नातवंडे ‘आजी’. धोंडुबाई म्हणून ती कोणाच्याच तोंडात नाही.

नोटीस घेऊन अर्जदार रहिमतपूरला गेला. मंगल म्हणाली, “आबा, ऱ्हाऊ द्या आता. कंपनी म्हंजे आय न्हवं.” ती शहाणी आहे, आणि ती बोलते ते खरे आहे. त्या सायंकाळी तिथल्या मंदिरात कीर्तन होते, म्हणून अर्जदार जाऊन मागे खांबाला टेकून बसला. महाराजांनी निरूपण नामाचेच धरले होते. ते म्हणाले, देव कुणी बघितलाय? पण नाव घेणारा एक जरी उरला, तरी देवाला घर सोडता येत नाही. टाळकऱ्यांनी गजर उचलला. अर्जदाराला टाळ्या वाजवता येईनात. आजूबाजूला एवढी माणसे नाव घेत होती, आणि आपण मनात दुसरेच नाव घेतो आहोत, हे त्याच्या ध्यानात आले. देवाने ते पाप समजून घेतले असेल अशी त्याची श्रद्धा आहे.

आटपाडीला परतल्यावर अर्जदाराने हुलगे आणले. पहिली खेप जळाली. दुसरी कच्ची राहिली, दळताना जात्याला चिकटली. तिसरी बरी म्हणायची. परवाच्या द्वादशीला वस्तीवर भजनी मंडळाचे पारणे होते, तिथे अर्जदाराने गूळ घालून पातेलेभर माडगे नेले. मंडळींनी माना डोलावल्या, तोंडे मात्र वाकडी झाली. मनुबाई म्हणून एक म्हातारी आहे, तिला डोळ्यांनी दिसत नाही. तिने फुलपात्र दोन्ही हातांत धरून विचारले, “कुनाच्या हातचं हाय रं?” अर्जदार म्हणणार होता की माझ्या. पण तोंडातून निघाले ते, “धोंडुबाईचं.” तिने एक घोट घेतला. म्हातारी म्हणाली, “करपलंय. पर तिचंच हाय.” आणि घरी न्यायला तिने एक पुडी मागितली. पैसे देऊ केले, अर्जदाराने घेतले नाहीत. यास व्यवसाय म्हणता येईल किंवा कसे, हे साहेबांनी ठरवावे. गिऱ्हाईक एक आहे एवढे अर्जदार शपथेवर सांगू शकतो.

सबब अर्जदाराची विनंती अशी की, कंपनीचे नाव चालू ठेवावे. राहिलेले सगळे कागद हिशेबनीस साहेबांमार्फत भरून देण्याची त्याची तयारी आहे. नियमाने ते शक्य नसेल, तर ते नाव दुसऱ्या कोणास देऊ नये. तेही नियमात बसत नसेल, तर ज्यास द्याल त्याचा पत्ता अर्जदारास कळवावा. तो त्रास देणार नाही. त्यांच्या दुकानावरून एकदा जाऊन येईल, पाटी वाचील आणि परत फिरेल.

आणखी एक. या अर्जाचे उत्तर काहीही असो, पाकिटावर अर्जदाराचे नाव घालू नये, कंपनीचे पूर्ण नाव घालावे. कारण असे की, आपली नोटीस आली त्या दिवशी हंबीरराव पोस्टमन कुंपणाबाहेर उभे होते. ते इकडे नवीन बदलून आलेत, त्यांना घरचे काही माहीत नाही. त्यांनी पाकिटावरचा पहिला शब्द वाचला आणि हाक दिली, “धोंडुबाई हायेत का घरात?”

अर्जदार आतून “हायेत” म्हणाला, आणि बाहेर येऊन त्याने सही केली. सरकारी टपालावर त्याने दिलेला तो जबाब खोटा ठरू नये, एवढे आपल्या हाती आहे.

कळावे,

आपला नम्र व सदर कंपनीचा कारभारी,
(सही)
अर्जुना बिरदेव सरगर

स्थळ : आटपाडी
दिनांक : २९ नोव्हेंबर २०२४

सोबत :
१. नोटिसीची प्रत.
२. माडग्याच्या पिठाची पुडी, एक नग. (थोडे करपले आहे. गूळ जास्त घातल्यास लागते चांगले.)