चंदूचा मोठेपणीचा चेहरा

यशवंतपूर, बंगळूर
१४ ऑक्टोबर १९९६

प्रिय उमाकांत,

तुला न विचारता मी तुझा चेहरा वापरला आहे. हे वाक्य सगळ्यांत आधी लिहायचं असं ठरवूनच आज बसले, कारण घरची खबरबात लिहायला घेतली की मी तिच्यातच रमते आणि मुद्द्याचं पुढच्या पत्रावर टाकते. उन्हाळ्यापासूनची सगळी पत्रं तशीच गेली. डायरीतही लिहून पाहिलं, पण तिथं दर वेळी शेवटी मीच समजूतदार आणि कनवाळू ठरले, म्हणून त्या पानांवर माझा विश्वास नाही. तुला लिहिताना तसं करता येणार नाही. आणि आईला सांगायच्या आधी हे तुला कळायला हवं, कारण तुझा तो चेहरा आता आईच्या पलंगाजवळ आहे, चौकटीत, आणि ती त्याला चंदू म्हणते.

पहिल्यापासून सांगते. आईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय हे तुला माहीत आहे. माणसं ती आवाजावरून ओळखते. टीव्ही पाहायला स्टूल ओढून पडद्याला नाक लावून बसते, आणि मी रागावले की म्हणते, जाणारेच डोळे, त्यांना जपून काय करू. जानेवारीत ती अशीच बसलेली असताना आमच्या स्टुडिओनं केलेली विम्याची जाहिरात लागली. रांगणाऱ्या बाळाचा शाळकरी मुलगा होतो, त्याचा तरुण, तरुणाचे पिकल्या केसांचे आजोबा, कुठंही तुटल्यासारखं न दिसता, पिठाचा गोळा हातात वळत जावा तसा चेहरा वळत जातो. आईनं विचारलं, हे तूच केलंस ना? मी मोठ्या तोऱ्यात हो म्हटलं. तिनं स्टूल माझ्याकडं वळवलं. मग म्हणाली, "सरी, बरं. मग आमच्या चंदूचं कर."

त्याच वेळी मी तिला सांगायला हवं होतं की यात कुणी मोठं होत नाही. दोन चित्रं लागतात. पहिल्यावर डोळ्यांच्या कोपऱ्यांत, ओठांच्या टोकांवर, हनुवटीवर टिंबं ठेवायची, दुसऱ्यावर त्याच जागी तशीच टिंबं ठेवायची, आणि कॉम्प्युटर पहिलं टिंब हळूहळू दुसऱ्याच्या जागी नेतो. बाळाचे आजोबा होतात ते कुठले तरी आजोबा आपण आधीच शोधून ठेवलेले असतात म्हणून. वीस वर्षं मी चित्रांच्या धंद्यात आहे, हे दोन वाक्यांत सांगता आलं असतं. पण एवढ्या वर्षांत आईनं माझ्याकडं स्वतःहून मागितलेली ती पहिली गोष्ट होती, आणि मला ती देणारी व्हायचं होतं.

तू चंदूला, आपल्या भावाला, पाहिलं नाहीस. तो तापानं गेला आणि पुढच्या वर्षी तू झालास. मीही तेव्हा सहा वर्षांची, त्यामुळं मलाही चंदू म्हणजे तो एकच फोटो: चिकपेटच्या फोटोवाल्याचा उसना कोट, बाह्या बोटांवर आलेल्या, आणि मान जराशी डावीकडं, कारण आप्पाजी त्या बाजूला उभे राहून त्याला सरळ बघ म्हणून दटावत होते. फोटो काढला आणि तीन महिन्यांत तो गेला. आईनं त्याचा संबंध फोटोशी लावला. म्हणून तुझा एकही फोटो तिनं लहानपणी काढू दिला नाही. शाळेचा ग्रुप फोटो असला की त्या दिवशी तुला ताप यायचा, आठवतं? ताप आईला यायचा खरं तर, तुझ्या नावावर. तू लेकीचे, शलाकाचे, इतके फोटो काढतोस ते कशामुळं, हे तुझ्या रूपश्रीला कळत नसेल, मला कळतं.

तर चंदूचा चेहरा कुणात मिसळायचा? आप्पाजींचे तरुणपणीचे फोटो सगळे टोपीतले आणि समोरून. मावसभाऊ नागनाथ आपल्या कुणासारखाच दिसत नाही. मान डावीकडं, नजर थोडी खाली, घरातलाच पुरुष, असा एकच फोटो माझ्याकडं होता. चार वर्षांपूर्वी तू शेवटचा आलास तेव्हाचा. दुपारच्या जेवणात आई म्हणाली की चंदू असता तर म्हातारीला टाकून पुण्याला गेला नसता. तू हात धुतलेस आणि खिडकीशी जाऊन उभा राहिलास. रोलमधला शेवटचा फोटो उरला होता, तो मी काढला. तुझ्या बाजूनं एक शब्द बोलायचा सोडून मी कॅमेरा उचलला, हे मला तेव्हा जाणवलंसुद्धा नाही. उलट उजेड चांगला पडलाय असंच मनात आलं. तू त्याच रात्रीच्या गाडीनं गेलास आणि परत आला नाहीस. तो फोटो मी तुला पाठवला नाही, आईलाही दाखवला नाही. तोच मी स्टुडिओत नेला.

रंग काढून टाकला. चष्मा पुसला. मिशी मला जमेना, ती आमच्या किरणकुमारनं काढून दिली. मिशी काढायला लोक न्हाव्याकडं जातात, अक्का, तुम्ही माझ्याकडं आलात, असं म्हणून दिवसभर हसत होता. कुणाची जाहिरात म्हणून विचारलं तर मी घरचं काम आहे एवढंच म्हटलं. मग टिंबं ठेवायला बसले. उमा, कानांची टिंबं जवळजवळ हलवावीच लागली नाहीत. दोघांचे कान एकच. हनुवटीला मात्र फार लांबचा प्रवास होता.

आणि मधे एक चेहरा आला. चंदू संपलेला आणि तू अजून सुरू न झालेला, पंधराएक वर्षांचा मुलगा. मी काम थांबवून त्याच्याकडं बघत बसले. मला वाटलं, तू पंधरा वर्षांचा असताना असाच दिसायचास का? आणि आठवेना. आपण एका घरात राहत होतो, एका ताटात शेवटचा पापड भांडून खात होतो, आणि मला तुझा पंधराव्या वर्षीचा चेहरा आठवेना. बघायला फोटोही नाही. जगात तुझ्या लहानपणाचं काही चित्र असलं तर ते त्या पडद्यावर होतं, कॉम्प्युटरनं अंदाजानं जुळवलेलं, आणि मी त्याला चंदूचं नाव देऊन घरी नेणार होते. हे मला तिथं, त्या खुर्चीत बसून स्वच्छ कळलं होतं. तरी मी काम पुरं केलं. नंतर सुचलं असं म्हणायला मला जागा नाही.

घरी कॅसेट लावली तेव्हा आईनं टीव्हीच्या काचेवर हात ठेवला. तिला सगळं धुक्यातूनच दिसत होतं, पण चंदूचा फोटो तिला पाठ आहे, तिथून ती बोटांनी त्या चेहऱ्याबरोबर पुढं गेली. शेवटाला म्हणाली, कपाळ आप्पाजींचं घेतलंय बघ. मग विचारलं, हे कसं कळलं तुमच्या मशिनला? मी म्हटलं, कॉम्प्युटरनं हिशेब करून काढलं. हे खोटं मी विचार न करता बोलले असंही नाही. वाटेत बसमध्ये तयार केलं होतं. तिनं लगेच मानलं. आपल्या गल्लीत कॉम्प्युटरवर आता देवापेक्षा जास्त भरवसा आहे. शेजारच्या लक्ष्मीदेवी दुसऱ्याच दिवशी नातीसाठी सांगून आलेल्या मुलाचा फोटो घेऊन हजर झाल्या, स्वल्प, जरासं बघून सांग म्हणाल्या, चाळिशीत याचं पोट किती सुटेल. आई हसली. फार दिवसांनी हसली, आणि त्या हसण्यावर मी पुढचे महिने काढले.

शेवटचं चित्र तिनं छापून मागितलं, चौकट करून घेतली. हार घालू दिला नाही. मोठा झालाय तो, म्हणाली. संध्याकाळी त्याच्याशी बोलत बसते. दूधवाला पाणी घालतो, गुडघा दुखतो, हेमाला वेळेवर जेवायचं कळत नाही, असलं सगळं. ज्या आवाजात बोलते तो आवाज मी तुझ्याशी बोलताना कधी ऐकला नाही. आधी मला बरं वाटायचं. मग मी ती वेळ टाळायला लागले, स्टुडिओतून उशिरा निघू लागले.

एप्रिलमध्ये एकदा लवकर आले. कॉफीचा पेला घेऊन दारात पोचले तर ती चौकट मांडीवर घेऊन बोलत होती. शब्द जसेच्या तसे लिहिते, कारण ते तुझे आहेत, माझ्याकडं उगाच राहिलेत. "चंदू, धाकटा माझ्यावर रुसलाय. चूक माझीच आहे रे. मी त्याच्यात तुला शोधत बसले आणि तो कधी मोठा झाला ते बघायचं राहूनच गेलं. तूच सांग त्याला. माझ्यानं सांगवत नाही."

तुझ्याच चेहऱ्याला सांगत होती, उमा. मी पुढं होऊन एवढंच म्हणायचं होतं की आई, हा उमाकांतच आहे. तोंड उघडलंही. पण तेव्हा वाटलं, हे बोलले की मोठा झालेला चंदू दुसऱ्यांदा जाईल, आणि या वेळी माझ्या हातून. हे कारण खरं आहे. पण तेवढंच नाही. मी तिला फसवलं हे तिला कळेल, ही भीती त्याच्या आधी आली होती. कॉफी ठेवली आणि आत गेले. याला गोड शेवट समजू नकोस. तिचे शब्द चांगले आहेत म्हणून मी केलेलं चांगलं होत नाही, हे मी स्वतःलाच पुन्हा पुन्हा बजावते आहे.

आता हे पत्र आजच का, ते. डॉक्टरांनी मे महिन्यातच सांगितलं होतं की ऑपरेशन आता करून टाका. मी डॉक्टरांना म्हटलं, पावसाळा होऊ दे. ऑगस्टमध्ये म्हटलं, तिची साखर वाढलीय, दसरा होऊ दे. साखर वाढलेली नव्हती. आणि आईला सांगत राहिले की डॉक्टरच थांबा म्हणतात. तिला स्वच्छ दिसू लागलं की ती सगळ्यांत आधी ती चौकट उचलेल, म्हणून मी माझ्या आईला पाच महिने आंधळं ठेवलं. गेल्या मंगळवारी तिनं उकळती कॉफी पेल्याच्या बाहेर, स्वतःच्या हातावर ओतली. मलम लावताना माझीच समजूत काढत होती, डोळ्यांचं नशीब, तू काय करशील. त्याच दुपारी जाऊन मी तारीख घेतली, गुरुवार, चोवीस. तरीही नंतर दोन दिवस स्टुडिओत बसून एक परका चेहरा चंदूत मिसळून दुसरं चित्र छापलं, गुपचूप बदलून ठेवायला. आज सकाळी ते फाडलं. आता येत्या रविवारी सकाळी, तिच्या डोळ्यांवर पट्टी चढायच्या आधी, मी आईला सगळं सांगणार आहे, साखरेचंसुद्धा. ते माझं काम आहे, त्यात तुझी मदत नको. पण तो चेहरा तुझा असल्यामुळं तिच्या आधी तुला सांगणं भाग होतं, म्हणून हे पत्र कुरिअरनं पाठवते, शुक्रवारपर्यंत पोचेल. चौकट ठेवायची की काढायची ते तू ठरव. माझ्यावर रागावलास तर तो राग माझ्यापाशीच असू दे, आईपर्यंत नेऊ नकोस. आणि तुला वाटलं, अगदी तुला वाटलं तरच, रविवारी दुपारी घरी फोन कर. मी उचलणार नाही. आईला उठून उचलायला लावीन. ती विचारील, कोण बोलतंय. तिला तुझं नाव सांग.

या वेळी तुझ्यापेक्षा मोठी म्हणवून घ्यायची लाज वाटणारी, तरीही तुझीच,
हेमाक्का