पणजोबांचा दाखला

मुलुंड

चि. सुबोध,

राखी पाकिटात आहे, आईकडून बांधून घे. आम्ही इथे मजेत. तिचा गुडघा कसा आहे?

मॉरिशसला गेलेले पणजोबा एकदाचे सापडले! बोटीच्या यादीत नाव, मग तिथला मृत्यूचा दाखला. वय बेचाळीस, काम करता करता हृदय बंद पडलं. त्यांचा तिथला मुलगाही तसाच गेला, एकेचाळिसाव्या वर्षी.

आपले बाबाही गेले तेव्हा बेचाळीसचेच होते रे. माडावरून पाय घसरला, असंच आपण धरून चाललो.

घाबरू नकोस. पण परवा तुला चाळीस पूर्ण झाली. पौर्णिमा झाली की निघ, कुर्ल्याला घ्यायला येते. डॉक्टरांची वेळ घेतलीय. आईला उगाच काळजी नको, तिला एवढंच सांग, ताईची खिडकी बसवायचीय.

दरवर्षीसारखा त्या माडाखाली नारळ ठेव, बिचाऱ्याचा काही दोष नव्हता. वर मात्र चढू नकोस, तुला माझी शपथ.

तुझी,
रेवतीताई